जुन्या कॉम्प्युटरवर ओएस चढत नाहीये? आधी कुठे अडतंय ते बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घराघरांतली जुनी मशीन पुन्हा टेबलावर आली. माळ्यावर ठेवलेला असेंबल्ड डेस्कटॉप, कॉलेजात असताना घेतलेला आणि आता आईकडे गेलेला लॅपटॉप. विंडोज ११ त्यावर बसत नाही, म्हणून कोणी लिनक्स ही दुसरी, फुकट मिळणारी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला घेतं, कोणी विंडोज १० च फॉरमॅट मारून पुन्हा टाकतं आणि मध्येच गाडं अडतं. मग फोन येतो, "अरे, ते इन्स्टॉल होत नाहीये रे."

एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. पेनड्राइव्हवरून मशीन सुरूच होत नाही? सुरू होऊन स्क्रीन काळी पडते? डिस्क दिसत नाही? साठ टक्क्यांवर तासभर थांबतं? की सगळं सुरळीत पार पडून रीस्टार्टनंतर रामराम? ही पाच वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचा संशयित वेगळा आहे. म्हणून इन्स्टॉलेशन फसलं की लगेच पुन्हा सुरू करू नका. स्क्रीनवर जे काही आलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मग पुढे वाचा. आणि एक शिस्त पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेनड्राइव्ह, रॅम आणि बायोसची (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग तिन्ही एकदम बदलली तर मशीन चालू होईलही, पण कशामुळे झालं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मशीनला ही ओएस झेपणार आहे का?

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (बायोसचा नवा अवतार), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत. ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये तर तसा पर्यायच येतो. पण कोअर २ ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर त्याचाही उपयोग नाही. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोजला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागतात. त्या नसतील तर ती बूटच होत नाही. अशा मशीनवर विंडोज ११ साठी एक रविवारही घालवू नका.

लिनक्समध्ये नवख्या माणसाला मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सांगतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर निवांत चालते, डिस्कवर २० जीबी जागा पुरते. मात्र ती फक्त ६४-बिट आहे. प्रोसेसर ३२-बिट असेल तर पेनड्राइव्ह लावल्यावर 'धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू' अशी ओळ येते आणि मशीन तिथेच थांबतं. पेनड्राइव्ह कितीही वेळा बनवला तरी हेच होणार. तिथे डेबियन १२ किंवा अँटीएक्ससारखी ३२-बिट आवृत्ती घ्यायची. डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरच बंद झाला आहे, त्यामुळे 'नवीन ते चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही.

पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही

नव्या माणसाची बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. ओएसची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली असेल तर त्यावरून मशीन बूट होणार नाही. ती रूफस किंवा बलेना एचरसारख्या प्रोग्रॅमने लिहावी लागते, आणि लिहिताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

लिहिण्याआधी फाइल पूर्ण उतरली आहे का ते तपासा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीन जीबी उतरवताना नेट दोनदा गेलं, की फाइल दिसायला पूर्ण पण आतून अर्धवट असू शकते. रूफसमध्ये आयएसओ निवडल्यावर 'सिलेक्ट' बटणाच्या बाजूला बरोबरची छोटी खूण असते. ती दाबली की एसएचए२५६ नावाची लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ मिळते. ओएसच्या डाउनलोड पानावरही तशीच ओळ दिलेली असते. दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळल्या पाहिजेत. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल टाकून द्या आणि पुन्हा उतरवा. हा दोन मिनिटांचा उद्योग लोक हमखास टाळतात आणि मग संध्याकाळभर मशीनला शिव्या देतात.

पेनड्राइव्हवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर दोनशे-तीनशे रुपयांत 'दोन टीबी' मिळतो तो आत कधी आठ जीबीचा असतो, कधी तेवढाही नसतो. सुरुवातीचा भाग नीट लिहिला जातो, पुढचा हवेत. रूफसच्या जादा पर्यायांत 'चेक डिव्हाइस फॉर बॅड ब्लॉक्स' आहे. त्यावर टिक करा, वेळ लागू दे, बनावट माल त्यात पकडला जातो.

जुन्या मशीनसाठी रूफसमध्ये 'पार्टिशन स्कीम' (डिस्कचे भाग पाडण्याची पद्धत) एमबीआर, म्हणजे जुनी, ठेवा. जीपीटी ही नवी पद्धत निवडून बनवलेला विंडोजचा पेनड्राइव्ह जुन्या बायोसला दिसत नाही. लिनक्सच्या वेळी रूफस 'आयएसओ मोड की डीडी मोड' असं विचारतो. आधी आयएसओ मोड, नाहीच चाललं तर डीडी. डीडी मोडनंतर विंडोजमध्ये पेनड्राइव्ह अगदी छोटा दिसायला लागतो. तो बिघडलेला नसतो, पुन्हा फॉरमॅट केला की पूर्ववत होतो.

आता बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी. डेल, लेनोवो आणि गिगाबाइटच्या बोर्डावर एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, एमएसआयवर एफ११, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि डेस्कटॉप बोर्डावर एफ८. एसरवरही एफ१२, पण तो मेनू बऱ्याचदा आधी बायोसमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. पॉवर बटण दाबल्या दाबल्या ती की टकटक दाबत राहा. विंडोजचा लोगो दिसला म्हणजे गाडी सुटली, पुन्हा बंद करून सुरू करा.

मेनू आला पण त्यात पेनड्राइव्हचं नाव नाही? पहिली गोष्ट, तो निळ्या पोर्टमध्ये असेल तर काळ्या पोर्टमध्ये लावा. निळा म्हणजे यूएसबी ३, आणि जुन्या बोर्डांवर ते पोर्ट वेगळ्या चिपवर असतात. सुरू होताना बायोसला ते दिसत नाहीत. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट सोडा, मागे थेट मदरबोर्डवर लावा. दुसरी गोष्ट जुन्या अवॉर्ड बायोसची: तिथे पेनड्राइव्ह 'रिमूव्हेबल'मध्ये न दिसता 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी'च्या यादीत लपलेला असतो. तिथे जाऊन त्याला हार्ड डिस्कच्या वर आणावं लागतं. लोक 'यूएसबी'चा पर्याय शोधत बसतात आणि तो डोळ्यांसमोरच्या दुसऱ्या यादीत असतो. फारच जुनं मशीन असेल आणि डीव्हीडी ड्राइव्ह चालत असेल, तर सरळ डीव्हीडी लिहा. मिंट एक्सएफसीई एका डीव्हीडीवर मावते.

मेनू दिसतो, मग काळी स्क्रीन

हा बहुतेक ग्राफिक्सचा प्रश्न असतो, विशेषतः जुन्या एनव्हिडिया कार्डांवर. मिंटचा मेनू दिसताच कीबोर्डवर ई दाबा, जुन्या बायोसवर टॅब. काही ओळी दिसतील, त्यातली 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा (टॅबने एकच ओळ येते). तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा: नो, मोड, सेट हे तिन्ही इंग्रजी शब्द जोडून, छोट्या लिपीत. मग एफ१०, टॅबने उघडलं असेल तर एंटर. मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' असेल तर तो निवडूनही हेच साधतं. चित्र ओबडधोबड दिसेल, चालेल. इन्स्टॉलेशन झाल्यावर पहिल्या वेळी हेच पुन्हा करावं लागेल, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घालायचा.

काळ्या स्क्रीनऐवजी 'कर्नल पॅनिक' (लिनक्स कोलमडल्याचा संदेश) आलं किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, तर रॅमकडे बघा. त्याबद्दल पुढे.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

आधी बायोसमध्ये बघा. तिथेही डिस्कचं नाव नसेल तर केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, नाहीतर डिस्क गेली. बायोसमध्ये दिसते पण इन्स्टॉलरमध्ये नाही, तेव्हा बहुधा साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) 'रेड'वर असतो. तो एएचसीआय करा. एक सावधगिरी: जुनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर हा मोड सहज म्हणून बदलू नका. विंडोज निळी स्क्रीन दाखवून बसेल.

विंडोज टाकताना डिस्क दिसते पण खाली 'सिलेक्टेड डिस्क हॅज ॲन एमबीआर पार्टिशन टेबल' असं लिहून येतं, त्याचा अर्थ पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये सुरू झाला आहे आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. सोपा उपाय म्हणजे बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हची दोन नावं दिसतात का बघायची आणि 'यूईएफआय' न लिहिलेलं निवडायचं. दुसरा उपाय: शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडायची, 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क', 'सिलेक्ट डिस्क ०', 'क्लीन' आणि 'कन्व्हर्ट जीपीटी' या आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या. शून्य नंबरची डिस्क तुमचीच आहे ना, ते जीबीच्या आकड्यावरून ताडून घ्या. 'क्लीन' एका क्षणात सगळं पुसतं, खात्री करून घेण्यासाठी विचारतही नाही.

जुन्या ब्रँडेड लॅपटॉपवर आणखी एक पेच भेटतो. एमबीआर डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन (मुख्य भाग) बसतात आणि कंपनीने ती चारही वापरून ठेवलेली असतात. मग मोकळी जागा दिसते, पण तिच्यापुढे 'अनयूजेबल' लिहिलेलं असतं. एक पार्टिशन उडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते उडवण्याआधी बॅकअप.

अर्ध्यावर अडकतं

इथे घाई केली की माणूस फसतो. कॉपी होताना विंडोजने ०एक्स८००७०५७० किंवा ०एक्स८००७०२५डी असा कोड दिला, किंवा लिनक्सची पट्टी तासभर हलली नाही, तर संशयित तीनच: पेनड्राइव्ह, रॅम, डिस्क. पेनड्राइव्हची फाइल वर सांगितल्याप्रमाणे जुळली असेल आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवरही तेच होत असेल, तर उरले दोन.

आधी रॅम, कारण ती तपासणं फुकट आहे. आपल्याकडची हवा दमट, त्यात समुद्रापासून जवळ घर असेल तर रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पावसाळ्यात मळकट थर चढतो. मशीन बंद करा, प्लग काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा. मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून पट्टी बाहेर काढा. कडा धरूनच उचला. सोनेरी दातांवरून पांढरा मऊ खोडरबर एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, दोन्ही बाजूंनी. खोडरबर करडा पडतो आणि दात उजळतात. कचरा मऊ ब्रशने झाडा, फुंकर नको, तिच्यात थुंकी असते. पट्टी परत बसवताना दोन्ही खिट्ट्यांचा 'टक' असा आवाज आलाच पाहिजे. आवाज नाही म्हणजे अर्धवट बसली. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून इन्स्टॉलेशन करून बघा.

त्यानंतर मेमरी टेस्ट. काही लिनक्सच्या बूट मेनूतच ती असते, नाहीतर मेमटेस्ट८६+ वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. एक पूर्ण फेरी रात्रभर लावून ठेवा. एकही लाल ओळ आली तर ती पट्टी बाद. 'फक्त दोनच एरर आहेत' असं म्हणून चालत नाही.

आता डिस्क. मिंट पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताही सुरू होते, त्याला लाइव्ह सेशन म्हणतात. तिथे मेनूतून 'डिस्क्स' उघडा, डावीकडे हार्ड डिस्क निवडा, वरच्या ठिपक्यांच्या मेनूत 'स्मार्ट डेटा अँड सेल्फ-टेस्ट्स' दाबा. मोठी यादी येते. 'डिस्क इज ओके' असं वर लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावर जाऊ नका, तीन ओळी स्वतः वाचा. ५ नंबरची 'रीअलोकेटेड सेक्टर काउंट', १९७ ची 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' आणि १९९ ची 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट'. पहिल्या दोन शून्य असाव्यात. तिथे आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर डिस्कचे सेक्टर, म्हणजे लिहिण्याच्या जागा, मरताहेत. इन्स्टॉलर नेमका त्या जागी लिहायला जातो आणि अडकतो. तिसरी ओळ वाढत असेल तर डिस्क चांगली असू शकते, साटा केबल खराब असते. केबल थोडक्या पैशांत बदलते, त्यामुळे हा फरक माहीत असलेला बरा.

सेक्टर मरत असतील तर इन्स्टॉलेशन तिथेच सोडा आणि आधी डेटा काढा. लाइव्ह सेशनमधूनच जुन्या फाइली दिसतात. बाहेरची डिस्क लावा आणि फोटो, लग्नाचे व्हिडिओ, पासबुकाचे स्कॅन उचला. विंडोज नीट बंद झाली नसेल तर तिचं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं. आपल्याला वाचायचंच आहे, हरकत नाही. अशा डिस्कवर वारंवार फॉरमॅट मारणं म्हणजे उरलेला जीव घालवणं.

माझं स्पष्ट मत असं की दहा वर्षांपूर्वीची फिरती हार्ड डिस्क चांगली असली तरी तिच्यावर नवी ओएस टाकण्यात अर्थ नाही. साधी २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या. जुन्या बोर्डावरचा साटा २ पोर्ट तिचा पूर्ण वेग काढू शकत नाही, तरीही फरक पहिल्याच बूटला जाणवतो. शिवाय जुनी डिस्क डेटासकट सुखरूप बाजूला राहते, म्हणजे इन्स्टॉल करताना चुकीची कळ दाबण्याची भीतीच नाही.

तिन्ही गोष्टी निर्दोष निघाल्या आणि तरी मशीन मध्येच बंद पडत असेल, तर उष्णता. पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदला. लॅपटॉप गादीवर ठेवून इन्स्टॉल करू नका आणि बॅटरी गेलेली असेल तर चार्जरची पिन हलणार नाही असं बघा.

सगळं झालं, पण रीस्टार्टनंतर काही नाही

पेनड्राइव्ह परत लावल्यावर मशीन नीट सुरू होतं, काढला की नाही? मग ग्रब बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) चुकून पेनड्राइव्हवर गेला आहे. 'समथिंग एल्स' निवडून हाताने पार्टिशन केली असतील तर तळाला बूटलोडर कुठे टाकायचा ते विचारलेलं असतं, तिथे हार्ड डिस्क निवडायची राहून जाते.

तसं नसेल आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' येत असेल, तर ओएस एका मोडमध्ये टाकली गेली आणि बायोस दुसऱ्या मोडमध्ये शोधतो आहे. लाइव्ह सेशन सुरू करून फाइल मॅनेजरमध्ये 'फाइल सिस्टम', मग 'सिस', मग 'फर्मवेअर' असे फोल्डर उघडा. आत 'ईएफआय' नावाचा फोल्डर असेल तर पेनड्राइव्ह यूईएफआयमध्ये सुरू झाला आहे, नसेल तर लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या मोडमध्ये. इन्स्टॉलेशनही त्याच मोडमध्ये झालेलं असतं. बायोसमधला बूट मोड त्याच्याशी जुळवा. जुळूनही अडलं तर नेट जोडून मिंटच्या मेनूतलं 'बूट रिपेअर' चालवा आणि त्याने सुचवलेली दुरुस्ती स्वीकारा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

उरलं वाय-फाय. जुन्या लॅपटॉपवरच्या ब्रॉडकॉम चिपचा ड्रायव्हर बऱ्याचदा लिनक्ससोबत येत नाही, तो नेटवरून घ्यावा लागतो, आणि नेट तर त्याच्याशिवाय नाही. अँड्रॉइड फोन केबलने लावा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा, काम होतं. नेट असूनही वेबसाइट 'सर्टिफिकेट' म्हणून कुरकुरत असतील तर घड्याळ बघा. तारीख २००९ दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळतो.

लॅमिंग्टन रोडला जाताना

सुटे भाग घ्यायला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं असेल, गोंधळू नका. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. रॅम घ्यायची तर जुनी पट्टी सोबत न्या. दुकानदार पहिलं विचारणार, "लॅपटॉपची की डेस्कटॉपची? डीडीआर टू की थ्री?" आणि "दादा, जुना आहे हो, बघा ना" या उत्तरावर तो काहीही हातात देईल. लॅपटॉपच्या डीडीआर३ मध्ये तर दोन प्रकार आहेत. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते, साधी लावली तर मशीन सुरूच होत नाही. एसएसडी सीलबंद आणि बिलासकट घ्या. जुन्या रॅमवर बदलून देण्याची मुदत किती ते बिलावर लिहून घ्या आणि घरी आल्यावर त्याच रात्री मेमटेस्ट लावा.

मशीन सोबत नेत असाल तर निघण्याआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा. त्या छोट्या डब्यांची टोपणं सपाट असायला हवीत. फुगलेली दिसली किंवा त्यांतून तपकिरी चिकट काही ओघळलेलं असलं, तर रॅम-एसएसडीवर पैसे घालू नका. बोर्ड गेला आहे. डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला, बाकीचं ई-कचऱ्यात.